चौकशीला आलेली माणसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंदालाही नाही. मंदा म्हणजे माझी बायको, आणि ती तर मी ताटात अर्धी भाकरी ठेवली तरी विचारते, काय झालं म्हणून. काही नाही, असं म्हणायची मला आता चांगली सवय झाली आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असतात, तर तुमच्यासमोरही मी भला माणूस होऊनच बसलो असतो.

कारण गावात माझं नाव चांगलं आहे. पुणतांब्याच्या अलीकडं आमची वस्ती – थोडा ऊस, थोडे पेरू, पाण्याची ददात नाही. मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. शौक म्हणाल तर एकच, व्हॉलीबॉल. हसू नका. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी ग्राउंडवर गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी बॉल उचलून द्यायचा आणि भानुदासनं मारायचा, हे शाळेपासून चालत आलंय. भानुदास माझा शेजारी. त्याचा बांध माझ्या बांधाला लागून, आणि त्या बांधावरून आमच्यात कधी एक शब्द झालेला नाही. आमच्याकडं ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी ग्राउंडवर उभं राहायला जागा नसायची. आता आम्ही चार-सहा म्हातारे नाचतो आणि पोरं कडेला बसून मोबाईल बघतात.

पोरांवर यायचंच होतं, उगाच फेऱ्या मारतोय. माझा विशाल सुप्याला कंपनीत होता. चांगला होता. मीच त्याला परत बोलावलं – घरची बागायत सोडून दुसऱ्याच्या दारात हजेरी कशाला लावायची? बापाचा शब्द म्हणून तो आला. आणि मग मुली बघायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की जमाना कुठल्या कुठं गेलाय. मुलगा पुण्यात पाहिजे, फ्लॅट पाहिजे, आणि गावाकडं शेतीही पाहिजे – पण ती करायला नको, नुसती असायला पाहिजे. मला त्या पोरींचा राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं चुकत होतं का? मी माझी मुलगी तरी शेतकऱ्याला दिली का? ती नाशिकला आहे, जावई बँकेत.

एकदा असेच पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि त्यातल्या एकानं विचारलं, सुप्याची नोकरी का सोडली? विशालनं फक्त माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट.

भानुदासच्या सचिनला स्थळ आलं. सचिन विशालपेक्षा लहान, तोही शेतीच करणारा, वर ट्रॅक्टर भाड्यानं चालवायचा. मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडची. फोटो पाहून दोन्हीकडून पसंती झाली होती, भानुदासनं तर घाईघाईनं पुढच्या खोलीला रंगही काढला. राहिली होती ती चौकशी. आमच्याकडं मुलीची माणसं गुपचूप गावात येतात आणि मुलाबद्दल विचारतात – टपरीवर, दुकानात, शेजाऱ्याकडं. आणि या विचारण्याला एक रीत आहे. उघड वाईट कुणीच बोलत नाही. मुलगा चांगला असेल तर सांगणारा भरभरून सांगतो, नसेल तर गप्प होतो. तो गप्प झाला की विचारणारा समजतो आणि मोटारसायकलला किक मारतो.

मी ग्राउंडवर एकटाच नेट दुरुस्त करत बसलो होतो. दोघं आले – मुलीचे वडील आणि चुलते. राम राम झाला. सचिनबद्दल विचारलं. कामाला कसा, स्वभावानं कसा – मी चांगलंच सांगितलं. मग वडिलांनी आवाज खाली आणून विचारलं, “नाद-बिद? घेतो का काही?”

सचिन सुपारीसुद्धा खात नाही. खंडेरायाच्या जत्रेत पोरं पिऊन पडतात, तेव्हा त्यांना ट्रॉलीत घालून घरोघरी पोचवतो तो सचिन. हे सगळं माझ्या जिभेवर होतं, नाही असं नाही. मी नेटची गाठ आवळली. दुसरी आवळली. आणि वर न बघता म्हणालो, “आता काय सांगायचं... तुमचं तुमी बघा.”

तुम्ही म्हणाल, घेतो असं तर तू कुठं म्हणालास? नाही म्हणालो. याच आडोशाला मी काही वर्षं काढली. पण मला रीत माहीत होती. त्या दोन शब्दांचं वजन मला त्या माणसांपेक्षा जास्त माहीत होतं. माझ्या पोराला मिळत नाही तर त्याच्या पोराला का मिळावी? एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं. जाताना त्या बापानं माझा हात हातात घेतला आणि दाबला.

दोन दिवसांनी भानुदास ग्राउंडवर आला. म्हणाला, “पत्रिका जमंना म्हनत्यात. जाऊ दे, दत्ता. आपल्याला कुठं घाई हाय?” मी बॉल उचलून दिला, त्यानं मारला. नेटात गेला.

इथंच थांबलं असतं तरी माझ्या वाट्याचं पाप पुरेसं होतं. पण महिनाभरानं मध्यस्थ माझ्याकडं आला. तीच मुलगी – प्रतीक्षा – विशालसाठी. मी नाही म्हणू शकत होतो. म्हटलं का? उलट मंदाला म्हणालो, देव आहे म्हणून.

आणि चौकशी? ती भानुदासकडं झाली. तो त्यांना म्हणाला, डोळे झाकून द्या, पोरगं माझ्या पोरापेक्षा काकणभर सरस आहे. हे मला साखरपुड्यात खुद्द व्याह्यांनी सांगितलं, आणि पुढं जे सांगितलं ते ऐकून हातातला पेढा मी परत ताटलीत ठेवला. ते म्हणाले, “खरं सांगू? तुमच्या शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून न्हाई दिली. तुमच्यामुळं दिली. त्या दिवशी ग्राउंडवर तुमी शेजारपाजार बघितला न्हाई, माझ्या लेकीचा इचार केला. असा खरा मानूस व्याही म्हनून कुटं गावतो?”

म्हणजे माझ्या खोटेपणावर विशालचं लग्न झालं, असं नव्हे. माझ्या खरेपणावर झालं! लग्नात पंगतीला वाढत सचिन फिरत होता. माझ्या पानात त्यानं आग्रह करून जिलबी वाढली. मी खाल्ली.

प्रतीक्षा गुणाची पोर आहे. घर तिनं हलकं केलं, नातू झाला, विशाल हसायला लागला. फक्त एक – सचिन दारात आला की ती बाळाला उचलून आत नेते. विशालला त्याच्या गाडीवर मागं बसू देत नाही. विशालला वाटतं, अकोल्याकडची लाजाळू पोर. सचिनला काय वाटतं मला माहीत नाही. सचिन अजून बिनलग्नाचाच आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. लोक म्हणतात, त्याच्या नशिबातच नाही.

इतकी वर्षं हे सगळं जुनं म्हणून मी झाकत आलो. पण ते जुनं राहिलेलं नाही, म्हणूनच सांगायला बसलोय.

या उन्हाळ्यात सचिनला परत एक स्थळ आलं. वैजापूरकडची मुलगी, वडील नाहीत, परिस्थिती आमच्यासारखीच. भानुदास सकाळी दारात येऊन मला म्हणाला, “दत्ता, आज मानसं यायची हायेत. मी त्यांना तुझ्याकडंच धाडतो. तुझ्या शब्दाला वजन हाय. घरीच ऱ्हा.” त्याच्या डोळ्यांत अशी आशा होती की मी मान खाली घातली. राहतो म्हणालो.

आणि राहिलो. आतल्या खोलीत. विशाल रानात होता, मंदा बाजाराला गेली होती. बाहेर मोटारसायकल थांबल्याचं मला ऐकू आलं, मुलीची आई आणि मामा ओट्यावर बसल्याचंही. प्रतीक्षानं हाक मारली, “आबा!” मी ओ दिली नाही. का? सचिन निर्व्यसनी आहे असं तिच्यासमोर बोललो असतो, तर तिनं विचारलं असतं – मग माझ्या वडिलांना काय सांगितलं होतं? हे मी तेव्हाच ओळखलं होतं, सकाळीच, भानुदासला हो म्हणताना.

तिला वाटलं मी रानात गेलो. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. त्या बाईनं विचारलं, अगदी आईसारखं, पोरगा कसा हाय गं बाळा म्हणून. प्रतीक्षा जरा घुटमळली. मग म्हणाली, “माझं नाव सांगू नका, मावशी. मानसं लई चांगली हायेत. पन मला बी आधी तेच स्थळ आलं हुतं. पोरगा घेतो. आमच्या आबांनीच माझ्या वडलांना सावध केलं, न्हाईतर मी त्याच घरात पडले असते.”

“आबांनीच सांगितलं का?” मामानं विचारलं.

“व्हय. आबा खोटं बोलनार न्हाईत.”

मग बराच वेळ कपबश्यांचा आवाज तेवढा आला. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक दार होतं, तेही लोटलेलं, कडी नव्हती. मी खाटेवर बसलो होतो. आजारी नव्हतो, झोपलेलो नव्हतो. मोटारसायकल सुरू होईपर्यंत मला पुष्कळ वेळ होता.

मी बाहेर आलो नाही.