खंडेनवमीचा राउटर

खंडेनवमीला राउटरची पूजा करणारं सातपूरमधलं आमचं एकटंच वर्कशॉप नसणार. पण राउटरच्या पोटात तार खुपसणारे फक्त आमचे सासरे. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना झेंडूचे हार घालून झाले होते. भिंतीवरच्या राउटरला मात्र हार अडकेना. बाबांना त्याच्या मागे एक बारीक भोक दिसलं. हाराची तार त्यात घट्ट बसवली, हळदकुंकू वाहिलं आणि मनोभावे हात जोडले. ते भोक रीसेटचं होतं.

राउटरमधलं सगळं सेटिंग पुसलं, नेट गेलं. नेटवाला देवीला वणीला गेलेला, त्याचा फोन लागेना. आणि त्याच संध्याकाळी एका मोठ्या कारखान्याच्या वेबसाइटवर पुरवठादार म्हणून नोंदणी करायची मुदत संपत होती. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी जॉबवर्क केलं. पार्ट आमच्या लेथवरचे, खोक्यावर नाव भलत्याचंच. आमच्या नावाने माल जायची ही पहिलीच संधी होती. सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरमध्ये, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलवर जेमतेम बोलता येतं, नेट चालत नाही.

नवऱ्याने त्याला येणारा एकमेव उपाय केला. बंद करून चालू. मग वरून एक चापट.

"लेथ आहे का तो?" मी ओरडलेच.

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्यामुळंच झालं गं. हौस लय नडली."

मी तार काढली. नेटवाल्याने दिलेला युजर आयडी आणि पासवर्ड भरला. दिवा हिरवा झाला, तरी कुठलीच वेबसाइट उघडेना. पत्ता सापडत नाही, एवढंच स्क्रीनवर.

"दिवा हिरवा आहे, म्हणजे तुझा कॉम्प्युटरच गेला," नवरा म्हणाला. माझं डोकं फिरलं. कॉम्प्युटर गेला म्हणे! आजवर या घरात काहीही बिघडलं की कॉम्प्युटरच जातो.

मी नावाऐवजी थेट आकड्यांचा पत्ता टाकून पाहिला. पलीकडून लगेच उत्तर आलं. म्हणजे रस्ता मोकळा होता, अडत होतं ते नावापाशी. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारा एक सर्व्हर असतो, आणि रीसेटमध्ये नेमका त्याचाच पत्ता पुसला गेला होता.

बाबांना म्हटलं, "नाशकात द्वारका चौकात उतरलोय, रिक्षाही मिळालीय, पण घर कुठलं ते सांगणारा माणूस जागेवर नाही."

"मंग दुसऱ्याला इचार की!"

तेच करायचं होतं. मी कुणालाही वापरता येतो अशा दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता हाताने भरला, सेव्ह केलं, आणि कारखान्याचं पान भसकन उघडलं. खोटं कशाला बोलू, मला माझा भयंकर अभिमान वाटला. नवऱ्याकडे मी मुद्दाम वळून पाहिलं. तो ग्राइंडर पुसत होता.

मुदतीच्या आत सगळी ड्रॉइंग गेली. थोड्या वेळाने कारखान्यातून फोन आला. एक ड्रॉइंग पुसट दिसतंय म्हणाले. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, जरा शेठना देता का?"

मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"सांग त्यांला," ते मोठ्याने म्हणाले, "शेठच बोलत्यात म्हणून."

मी फोन परत स्वतःकडे घेतला. मग म्हटलं, "बोला. मीच बोलतेय."