डिसेंट सोडून काय बी दाखवा

माझ्या बायकोचा नवाकोरा ड्रेस मी शिरोळच्या एका लग्नात आहेर म्हणून देऊन टाकला.

यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता, श्रेय संपूर्ण माझं. ही माहेरी गडहिंग्लजला गेली होती. जाताना बजावून गेली होती की कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेराच्या साड्यांची चळत आहे, त्यातली एक उचला. अशी चळत आमच्याकडं घरोघरी असते. त्या साड्या कुणी नेसत नाही, या लग्नातून त्या लग्नात त्या नुसत्या हिंडत असतात. मला मात्र वरच्या कप्प्यात एक देखणं खोकं दिसलं. आयतं बांधलेलं, वर सोनेरी फीत. मी त्यावर स्केचपेननं माझं नाव लिहिलं, पुढं ‘सहकुटुंब’ लिहिलं आणि मांडवात नवरीच्या आईच्या हातात अशा थाटात ठेवलं की मलाच माझा हेवा वाटला. येताना उसाच्या फडांमधून मोटरसायकलवर मी चक्क शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ही माहेराहून परतली आणि हिनं कपाट उघडलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, “बरं झालं. नाहीतरी माझ्या वयाला तो शोभला नसताच.” येत्या रविवारी तिच्या दहावीच्या वर्गाचं गेट-टुगेदर होतं. त्यासाठी पन्नाशीनंतर पहिल्यांदाच तिनं साडी सोडून काही घेतलं होतं, तेही तीन आठवडे दुकानं पालथी घालून. दुकानात त्यातला तेवढा एकच नग होता, आणि दिलेला आहेर परत मागणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. संध्याकाळी तिनं मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलेलं ‘येणार’ काढून टाकलं. मी समोरच बसलो होतो. तिनं फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला झोकात नटायचं असेल, आणि तेही नवऱ्याचा पगार न उसवता, तर अख्ख्या जगात वाट दाखवणारी एकच बाई आहे आणि ती कळंब्याला राहते. ती म्हणजे माझ्या बायकोची थोरली मावसबहीण, आमच्या अक्का. बावीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या, त्यातली निम्मी गगनबावड्याच्या गाडीवर. आता निवृत्त झाल्या, पण गाडी त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. कापडाच्या दुकानात त्या कधी स्टुलावर बसत नाहीत. पाय अंतरावर रोवून, कंबर काउंटरला टेकवून उभ्या राहतात, आणि नोकरानं गठ्ठा जोरात आपटला की डोक्यावरच्या नसलेल्या दांडीकडं त्यांचा हात आपोआप जातो. बरोबर चार बायका असल्या तर आरशापुढं गर्दी होऊ देत नाहीत. “चला, फुडं सरका, मधी जागा हाय!” माणसांची तोंडं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, कापडं राहतात. कुणाची ओळख सांगायची तर “ती न्हवं का, साळवणला उतरायची, मोरपंखी काठाची, तिची सून” अशी सांगतात. स्वतः खाकीत उभं राहून त्यांनी बावीस वर्षं दुसऱ्यांचे रंग पाहिले. खिडकीशी बसलेल्या बाईच्या पदरावर घाटातलं धुकं कसं उतरतं, अंजिरी रंग उन्हात कसा पिकतो आणि ढगाखाली कसा मिटतो, हे सगळं सुट्टे पैसे देता देता त्यांनी मनात साठवून ठेवलं.

रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बाईच्या अंगावर चांगलं कापड दिसलं की अक्का तिच्यामागून चालू लागतात. विचारायचं एवढंच असतं की “कुठनं घेतलासा?” पण मधे रिक्षा आडव्या येतात, सिग्नल लागतात. एकदा महाद्वार रोडवर दिसलेल्या ओढणीमागं चालत चालत त्या थेट मंगळवार पेठेतल्या एका बारशात पोचल्या. घरच्यांना वाटलं, बाळाच्या बापाकडच्या कुणीतरी. त्यांनी पाळण्याची दोरी हातात दिली. अक्कांनी दोन कडवी पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या आणि ओढणीच्या दुकानाचा पत्ता घेऊन निघाल्या. त्या बाळाच्या वाढदिवसाचं बोलावणं त्यांना अजून येतं.

त्यांचा एकच शत्रू आहे, तो म्हणजे ‘डिसेंट’ हा शब्द. पन्नाशीची बाई दुकानात शिरली की विक्रेता काचेतल्या बाहुलीच्या अंगावरच्या कापडाकडं बघतसुद्धा नाही. तो खाली वाकतो, तळाच्या फळीवरून बदामी, राखाडी, मातकट असं काहीतरी उपसतो आणि म्हणतो, “मावशी, तुमच्यासाठी हे डिसेंट आहे.” अक्का ते दोन बोटांनी बाजूला सारतात. “डिसेंट म्हंजे? तिरडीवर शोभंल असलं? डिसेंट सोडून काय बी दाखवा.” मग त्या आपल्या वाटेनं जातात. गांधीनगरच्या ठोक बाजारात ताग्यांचे उरलेले तुकडे कुठल्या दुपारी विकायला काढतात, इचलकरंजीच्या मागावर एखादा धागा चुकला म्हणून अर्ध्या भावात टाकलेलं सुती कापड कुठल्या जिन्यावर मिळतं, हे त्यांना तोंडपाठ. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे बायकांच्या काउंटरला पाठ दाखवून थेट शर्टपीसच्या काउंटरवर जायचं. “बाप्यांचं कापड धुऊन मरत न्हाय, अन् भाव बी कमी. बायकांच्या कापडावर एक फूल छापलं की त्या फुलाचं पैसं वेगळं!”

तर मंगळवारी सकाळी मी अक्कांपुढं उभा राहिलो आणि गुन्हा कबूल केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“व्हता कसल्या रंगाचा?”

“कोण?”

“तुमचा आजा! ड्रेस वं, दाजी!”

मी आठवायला लागलो. आणल्या दिवशी हिनं तो अंगाला लावून मला दाखवला होता. पेपरातून मान वर न काढता मी ‘छान आहे’ म्हणालो होतो, हे मला स्वच्छ आठवत होतं. पेपरातली बातमीही आठवत होती, घरफाळा वाढणार होता. रंग काही आठवेना.

“ऱ्हाऊ दे. धाकलीला रंग कुठला आवडतोय, त्ये सांगा.”

“असेल काहीतरी डिसेंट,” मी म्हणालो.

विनातिकीट प्रवासी सापडल्यावर त्या जशा बघत असतील, तशा माझ्याकडं बघत राहिल्या.

“लगीन हून किती वर्सं झाली?”

“तीस.”

“घरला जावा. आज कापड बघायचं न्हाय. आज धाकलीला बघा. नुसतं बघा. उद्या या.”

म्हणून त्या दिवशी मी बायकोला पाहिलं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पाचच मिनिटांत ती म्हणाली, “काय हवंय?” मी म्हणालो, “काही नाही.” “मग असं काय बघताय? बीपीची गोळी घेतली का?” त्यानंतर मी चोरून बघू लागलो. तिच्या अंगावर बदामी साडी होती. दोरीवर कालची राखाडी वाळत होती. कपाटात मी घेतलेल्या, तिच्या भावानं घेतलेल्या, नणंदेनं दिलेल्या, सगळ्या तळाच्या फळीवरच्या. यात तिचं काय होतं ते सापडेना. दुपार कलली. ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलं आणि ओट्यावरून हळूहळू सरकू लागलं. ते तिच्या चहाच्या कपावर थांबलं, मग कात्रीच्या मुठीवर, मग भाजीच्या पिशवीच्या बंदांवर, पुढं चष्म्याच्या घरावर. मी उठून बघितलं तर कंगवाही तसाच, रुमालाच्या कडेला घातलेली शिवणही तशीच. कुणाला न विचारता, दहा-वीस रुपयांत, तिनं स्वतःपुरतं जे जे घेतलं होतं त्या प्रत्येकात एकच रंग होता. हिरवा. पोपटी नव्हे, बाटलीचाही नव्हे. पेरलेल्या भाताची कोवळी रोपं वाफ्यात दाटीनं उभी असतात, त्या तरव्याचा हिरवा. तीस वर्षं माझ्या घरात एक शेत डुलत होतं आणि मी त्यातून पेपर वाचत फिरत होतो.

बुधवारी मी अक्कांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

“तरव्याचा. म्हंजे मांडुकलीच्या फुडं, डाव्या अंगाला. दुपारी चारच्या गाडीला दिसतोय त्यो. सकाळच्या गाडीला पिवळा मारतोय.” डोळे उघडून म्हणाल्या, “चला.”

त्या दुपारी आम्ही गांधीनगरच्या गल्ल्यांतून जे हिंडलो, ते मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. जेवणानंतरची वेळ, दुकानदार गादीवर पेंगुळलेले, पंखे सावकाश फिरतायत. अक्का नुसत्या बोट करायच्या, ताग्यामागून तागा उलगडायचा आणि हवेत एक लांबलचक हिरवी लाट उठून आमच्या पायाशी निजायची. जगात इतके हिरवे असतील असं मला वाटलं नव्हतं. अक्का अंगठ्यानं पोत चाचपायच्या आणि निकाल द्यायच्या, “ही शेवाळ. ही पेपरमिटाची गोळी. ही तर दवाखान्याची भित्त.” सातव्या दुकानात, शर्टपीसच्या काउंटरवर, सगळ्यात खालचा तागा त्यांनी ओढायला लावला आणि अंगठा त्यावरून उचललाच नाही. कप, कंगवा, कात्री, सगळं तिथं एका जागी आलं होतं.

“दाजी, मधी या. तुमची अन् धाकलीची उंची एकच हाय. प्वाट सोडा, वडून धरू नका.”

मला काही कळायच्या आत ते कापड माझ्या खांद्यावरून खाली उतरलं. अक्कांनी टाचण्या लावल्या, चुण्या घातल्या आणि उजेड बघायला मला दंडाला धरून थेट दुकानाच्या पायरीवर नेऊन उभं केलं. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. दोन कॉलेजच्या पोरींनी फोटो काढला. जागा झालेला दुकानदार डोळे चोळत म्हणाला, “मावशी, साहेबांना कुर्ता शिवताय काय?”

“साहेबास्नी अक्कल शिवायची हाय. कापड पुरंल का बघा.”

मी आरशात पाहिलं. तरव्यात म्हैस शिरली होती. पण अक्का माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या माझ्या जागी आपल्या धाकट्या बहिणीला बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाट उतरतानाचं धुकं होतं. मला एकदम विचारावंसं वाटलं, “अक्का, तुमचा रंग कुठला?”

त्यांनी टाचण्या काढायला घेतल्या. “आमचा रंग सरकारनं ठरीवला, दाजी. बावीस वर्सं. आता समदंच आवडतंय, एक काय ठरंना.” मग कापडाची घडी करताना हळूच म्हणाल्या, “ठरंल की. गडबड कुणाला हाय?”

बिंदू चौकामागच्या बोळात एक म्हातारे चाचा कपडे शिवतात. मापाला आणलेला कपडा नव्हता, पण अक्कांना त्याची गरज नव्हती. चालत्या गाडीत पोराकडं एक नजर टाकून हाफ की फुल ठरवणारी ती नजर. त्यांनी छाती, खांदा, उंची धडाधड सांगितली. “अन् बाहीचा मुंढा सैल ठेवा, चाचा. बाईनं हात वर केला तर तिला वाटलं पायजे, हात आपला हाय.” चाचा म्हणाले, “तुमी बोलत ऱ्हावा अक्का, कात्री आपोआप चालतीया.”

शनिवारी संध्याकाळी अक्का घरी आल्या आणि हिच्या मांडीवर पुडकं ठेवलं. हिनं कागद सोडला. तळहात कापडावरून फिरवत राहिली. मग म्हणाली, “एवढा हिरवा? अगं अक्का, माझं वय काय...”

“वय झालं म्हणून तर! पोरीस्नी गोणपाट बी शोभतंय, त्यात त्यांची कसली कर्तबगारी?”

ही हसली. सोमवारनंतर पहिल्यांदाच. आत गेली, दार लावून घेतलं. मी सोफ्यावर दहावीच्या निकालाची वाट बघितल्यासारखा बसलो. दार उघडलं तेव्हा ती चालत न येता जरा तरंगतच आल्यासारखी वाटली. तिनं केस बांधायला दोन्ही हात वर केले, आणि बाही कुठंही काचली नाही. तिनं आरशात पाहिलं, अक्कांकडं पाहिलं, आणि मग फोन उचलून एका बोटानं सावकाश काहीतरी लिहिलं. पाठोपाठ फोन टिंग टिंग वाजत सुटला. एका शब्दाला इतकी उत्तरं येतात हे मला माहीत नव्हतं.

रविवारी मी तिला रंकाळ्याजवळच्या हॉलवर सोडलं. अक्काही आल्या होत्या, त्यांना म्हणे चालताना घेर कसा पडतो ते बघायचं होतं. हॉलच्या दारात पन्नाशीच्या बायकांचा एकच कालवा उठला, दहावीतल्या पोरींचा उठावा तसा. ही पुढं गेली. मागं वळून पाहिलं नाही. तळ्याकडून वारा येत होता, उन्हं पाण्यावर सांडली होती, आणि तो हिरवा रंग माणसांच्या गर्दीत जरा दिसायचा, जरा नाहीसा व्हायचा. मग दिसेनासाच झाला. तरी मी तिकडंच बघत उभा राहिलो. तीस वर्षांत या बाईला पाठमोरी जाताना मी किती वेळा पाहिलं असेल, आणि किती वेळा पाहायचं राहून गेलं असेल, असं काहीतरी मनात येत होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

“अक्का,” मी म्हणालो, “काही म्हणा, रंग मात्र मी ओळखला.”

“व्हय की,” अक्का म्हणाल्या, “तीस वर्सांत एक रंग. गळा कसला आवडतोय त्ये कळायला तुमाला फुडचा जलम लागंल, दाजी, अन् त्या जलमात ती तुमाला करून घेती व्हय?”