शेगडीचा कोतवाल

समोरच्या अंगणात वाळत घालायच्या काठीवर पाच शर्ट लोंबताहेत, एकेका बाहीवर, फासावर दिल्यासारखे. बाकीचे टोपलीत ओल्या गोळ्यांसारखे पडलेत. धड पिळलेलेही नाहीत, टोपलीखाली पाण्याचं तळं झालंय. माकिउची यासुताकेनं उभ्या जन्मात पहिल्यांदा धुणं काढलं ते असं, आणि तेही अर्धं टाकून गेला. गेला तर गेला. कुंपण ओलांडून मी काही जाणार नाही.

कुणाबद्दल वाईट मनात आणू नये असं आमच्या मठातले गुरुजी सांगतात. रोज सकाळी अमिदा बुद्धापुढे भाताची वाटी ठेवताना मी गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन भलं चिंतते. या माणसाच्या घरापाशी आलं की जप अडकतो. त्याची बायको फुसाए होती तोवर तिच्या नावानं मी ते घर निभावून नेत होते. आता तीही सोय राहिली नाही.

यासुताके गोठवलेल्या टोफूच्या कारखान्यात मुकादम होता. हाताखाली बायका. हात मागे बांधून त्यांच्या पाठीशी उभं राहायचं आणि "अजून नाही" म्हणायचं, एवढंच त्यानं तीस वर्षं केलं. टोफू त्याच्या सांगण्यानं गोठत नव्हता आणि त्याच्या सांगण्यानं वितळतही नव्हता, पण हे त्याला कुणी कळवलं नाही. निवृत्त झाला तेव्हा त्या बायकांनी वर्गणी काढून त्याला लांब चोचीचा एक पोलादी चिमटा भेट दिला. त्यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या. चिमटा निवडताना दुकानात हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यासुताकेला तो मान वाटला. तेव्हापासून चिमटा पांढऱ्या पंचात गुंडाळून तो जिथे तिथे बरोबर नेतो.

आमच्याकडे, या ईदा गावात, सुख असो की दुःख, माणसं शेगडीभोवती बसतात. पोराची शाळा संपली, घराला नवं छप्पर आलं, कुणी गेलं, की याकिनिकु, म्हणजे जाळीवर मांस भाजून खाणं, ठरलेलंच. एक फोन केला की कोपऱ्यावरची होशिनो खाणावळ मांस, शेगडी, ताटल्या सगळं अंगणात आणून देते आणि खरकटं उचलूनही नेते. एरवी तिथेच जाऊन बसायचं. आणि जिथे शेगडी तिथे हा. तो आला की दुसऱ्या कुणी चिमट्याला हात लावायचा नाही. गल्ली त्याला मागून शेगडीचा कोतवाल म्हणते. पुढून म्हटलं असतं तरी त्याला आवडलंच असतं.

त्याचे कायदे असे. आधी मेंढीचं मटण, मग वजडी, आणि वजडी जाळीवर असताना गुराची जीभ टाकायची नाही. तुकडा एकदाच पलटायचा. कच्च्याला चिमटा, शिजलेल्याला आपल्या जेवणाच्या काड्या. हा शेवटचा नियम बरोबर आहे, पण सांगण्याची पद्धत अशी की जणू तो त्यानंच शोधून काढला. लोक काड्या हवेत धरून बसतात, बिअर कोमट होते, आणि हा "अजून नाही, अजून नाही" करत मेंढीवर प्रवचन देतो. प्रवचन संपेतो कडेचे तुकडे कोळसा होतात. कोळसा कुणाच्या ताटलीत जायचा? फुसाएच्या.

"हिला कुरकुरीत आवडतं," असं तो दर वेळी म्हणायचा आणि फुसाए दर वेळी हसायची.

तिला काय आवडतं ते मला ठाऊक होतं. दुपारच्या आम्ही दोघी भेटपाकिटांवरच्या कागदी दोऱ्यांच्या गाठी बांधत बसायचो. तिच्या गाठी इतक्या सारख्या यायच्या की घेणारा माणूस न बघता उचलायचा. एकदा गाठ ओढता ओढता ती म्हणाली, "तुला सांगते, जीभ नुसती शेकलेली, वर लिंबू पिळलेली, एकदा खायचीय मला. ती शेगडीच्या त्या टोकाकडच्या लोकांना मिळते. माझ्यापर्यंत आली नाही कधी."

मी म्हटलं, आपण दोघी जाऊ होशिनोत.

"आणि यांना कोण वाढेल? शिवाय नवऱ्याशिवाय शेगडीला बसले तर लोक म्हणतील, गेला वाटतं हिचा."

यावर आम्ही बराच वेळ हसलो. पुढे गेली ती हीच, शरद ऋतूच्या तोंडाशी, दोन दिवसांच्या तापात.

दहनानंतर अस्थी वेचताना या माणसानं जे केलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एक अस्थी दोघांनी दोन जोड काड्यांनी मिळून उचलायची आणि कलशात ठेवायची, पायाकडून सुरू करून डोक्याकडे जायचं. तिथला पांढरे हातमोजे घातलेला माणूस हळू आवाजात सगळं सांगत होता. यासुताकेनं त्याला बाजूला सारलं आणि स्वतः सांगू लागला. हे घे, ते ठेव, घाई नको. लेकीनं, शिहोकोनं, आईच्या खांद्याचा एक तुकडा धरायला काड्या पुढे केल्या, तर हा म्हणाला, "ते अजून नाही."

शिहोकोच्या काड्या तिथेच थांबल्या. मी डोळे मिटून घेतले.

काल एकोणपन्नासावा दिवस झाला. सकाळी मठात पाठ, मग कलश थडग्यात ठेवला, आणि सुतक उतरलं म्हणून दुपारचं जेवण होशिनोत. शिहोको आणि जावई तोशिकी नागोयाहून आले होते. थडग्याचा दगड धुताना शिहोको माझ्या शेजारी उकिडवी बसली. म्हणाली, "मावशी, मागची खोली रिकामी केलीय. शिवणयंत्र बैठकीत आणलं. यांनी स्वतः भिंती रंगवल्या. बाबा एकटे काय करतील इथे? त्यांना भाताचं पाणीही कळत नाही. येतील ना?"

येतील का म्हणे. यासुताके नागोयाला चालला हे आठवडाभर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोस्टातल्या बाईला त्यानं सांगितलं होतं, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याला सांगितलं होतं. फक्त लेकीला विचारायचं राहिलं होतं, कारण विचारणं त्याच्या अंगात नाही. सकाळी मी बोलवायला गेले तेव्हा दारात त्याची बॅग फुगून उभी होती. हे मी शिहोकोला सांगितलं तर ती हसली, पुष्कळ दिवसांनी. "असू दे," म्हणाली, "मीच विचारीन. जेवण झालं, चहा आला, की विचारते." दगडावर पाणी ओतताना तिचा हात हलका झालेला मला दिसला. नमु अमिदा बुत्सु म्हणून मीही मनात म्हटलं, जाऊ दे बाई याला, तुझं पुण्य आणि माझी सुटका.

होशिनोची मालकीण हात्सुए शहाणी बाई आहे. खिडकीकडचं टेबल दिलं, फुसाएच्या फोटोसाठी एक ताटली आणि काड्या न सांगता मांडल्या. फोटो सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवला. यासुताके बसला, पंचा सोडला, चिमटा काढला. तोशिकी बिचारा भला माणूस. सासऱ्याला आज तरी बसून खाऊ द्यावं म्हणून त्यानं दुकानाचा चिमटा उचलला.

"ठेव तो."

त्यानं ठेवला.

मग नेहमीचं सुरू झालं. नागोयाची माणसं मांस भाजत नाहीत, उकडतात. जावयाच्या हाताला निखाऱ्याची जाण नाही, असेल कशी, आयुष्यभर कार्यालयात बसलेला. मेंढी कशी कापावी, मीठ कधी लावावं. शेजारच्या टेबलावरच्या एकाला तर यानं मान वळवून सांगितलं की तुझा तुकडा जळतोय. त्याचा जळत नव्हता. आमचा जळत होता. शिहोको सगळं गिळत होती. तिचं लक्ष जेवण संपण्याकडे होतं, मला कळत होतं.

ती एवढंच म्हणाली, "बाबा, पहिली जीभ आईला वाढा ना."

"हिला कुरकुरीत आवडतं," असं म्हणून त्यानं कडेचा काळा पडलेला मेंढीचा तुकडा फोटोपुढच्या ताटलीत टाकला. मी माझ्या ताटलीकडे बघत राहिले. लेकीसमोर अशा दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसले.

मग जीभ लागली जाळीवर. पातळ काप, कडा वळायला लागलेल्या. याचा कायदा असा की शिजलेल्याला चिमटा नाही, म्हणून त्यानं चिमटा ठेवला, आपल्या काड्यांनी पहिला काप उचलला आणि टेबलावरून शिहोकोपुढे धरला. तिची ताटली लिंबाच्या फोडींनी भरलेली. "घे, घे, आत्ता झालाय, थांबलीस तर चिवट होईल, घे म्हणतो ना." लहानपणापासून ऐकलेला हुकूम तो. तिचा हात आपोआप वर झाला आणि तिनं तो काप आपल्या काड्यांत धरला.

एका क्षणाचं काम. एक तुकडा, दोन्हीकडून दोन जोड काड्या, आणि मध्ये फोटोतली फुसाए. आमच्यात मूल काड्या धरायला शिकतं त्याच्याही आधी हे शिकतं की ताटावर काडीनं काडीला घास द्यायचा नाही, ते फक्त अस्थींचं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला आणि जाळ उठला. बिअर घेऊन येणारी हात्सुए तबकासकट मागे वळली. माझ्या तोंडून नाम निघालं. तोशिकीनं मान खाली घातली.

तरीही काही बिघडलं नव्हतं. चूक झाली, दोघांची झाली, याचीच जास्त. हा नुसता गप्प राहिला असता, नाहीतर "अरेरे" म्हणाला असता, तरी निभावलं असतं. पोरगी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं, आणि मला वाटतं त्या क्षणी ती त्याचीही कीव करत होती.

यासुताके म्हणाला, "एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही तुला?"

शिहोकोनं तो काप अलगद आईच्या ताटलीत ठेवला. काळा तुकडा तिथून उचलून आपल्या ताटलीत घेतला. एक फोड घेऊन त्या कापावर लिंबू पिळलं, पुरती पिळली, साल चेपेपर्यंत. आणि मग तिनं तो कोळसा खाल्ला, चावून चावून, सगळा.

त्यानंतर जेवण झालं. चहा आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. यासुताकेही बघत होता. मागे रेलून, हात पोटावर, देणं वसूल व्हायची वाट बघणाऱ्यासारखा. शेवटी खाकरला आणि म्हणाला, "नागोयात थंडी कशी असते आता?"

"असते," शिहोको म्हणाली.

"घराला ऊन लागतं का?"

"पुढच्या खोल्यांना लागतं."

मग ती यंदाच्या सुकवलेल्या पर्सिमन फळांबद्दल माझ्याशी बोलली, किती टांगलेत, बुरशी तर नाही. तोशिकी बसचं बघायला उठला. यासुताके उठून तावातावानं बाहेर पडला, कुणी आपल्याला हाक मारील म्हणून चार पावलं जाऊन थांबला, आणि कुणी मारली नाही. शिहोकोनं निघताना मला वाकून नमस्कार केला. फोटो तिनं आपल्या पिशवीत घेतला. बापालाही वाकून नमस्कार केला, परक्याला करतात तेवढाच. बस गेली.

आज सकाळी त्यानं बॅग उघडली. अंगणातच उघडली म्हणून मला दिसलं. आत काय असावं? फुसाए गेल्यापासूनचे सगळे मळके शर्ट. एकही धुतला नव्हता. लेकीच्या घरी जायचंच आहे तर ती धुवील, म्हणून घड्या न घालता कोंबून ठेवलेले. मी हे पाहिलं आणि माझी उरलीसुरली दयाही विटली. मग त्यानं यंत्र लावलं, साबण किती घालायचा ते मला कुंपणावरून ओरडून विचारलं, मी सांगितलं. पाच शर्ट टांगल्यावर ओल्या हातांनी कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"पोरगी तुमच्याजवळ काही बोलली का?"

खोटं बोलायचं नाही हे माझं व्रत आहे, आणि काल मी एकदा गप्प बसले होते ते मला पुरे झालं होतं. मी सांगितलं, "खोली रिकामी केली होती तुमच्यासाठी. जावयानं भिंती रंगवल्या होत्या. चहा झाला की विचारणार होती."

तो बघत राहिला. तोंड थोडं उघडं. क्षणभर म्हातारा दिसला.

"मग विचारलं का नाही?"

"तुम्ही फुसाएला नावं ठेवलीत म्हणून. तिच्याच दिवशी, तिच्या ताटलीसमोर. आणि घास पुढे केला होतात तुम्ही."

त्यानं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, मेंढीचा तुकडा पलटायचा की नाही ठरवताना करतो तसा. मला वाटलं, पोहोचलं आत काहीतरी.

"मी पुढे केला, पण तिनं ताटली पुढे करायला हवी होती," तो म्हणाला. "काड्यांनी कोण घेतं? चूक तिचीच."

यावर बोलायला फुसाएची सहनशक्ती लागते.

मग एकदम त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. इतका की मला वाटलं लेक आठवली. दोन्ही हात शर्टाला पुसले, खिसे चाचपले, घरात जाऊन आला, रिकामा पंचा हातात. "कालच्या गडबडीत टेबलावर राहिला," म्हणाला. "ती हात्सुए कच्च्या-शिजल्याला एकच वापरते, खराब करून ठेवील. हे उरलेले शर्ट तेवढे टाका तुम्ही वाळत."

आणि धुणं तसंच सोडून, पायांत सपाता सरकवून, तो होशिनोकडे गेला, विसरलेला चिमटा आणायला.