मामांचा कैदी

माझे मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मी प्राथमिक शाळेतून गुरुजी म्हणून. लढाई त्यांनी केली, पण तिचं वर्णन गावाला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं, हे गावाचं दुर्दैव.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं. इथं भरती झालेली पोरं ट्रेनिंगला निघाली की त्यांना देवळासमोर उभं करून फेटे बांधतात आणि निवृत्त फौजी एकेक करून त्यांना चार शब्द सांगतात. कुणी म्हणतो पाय कोरडे ठेवा, कुणी म्हणतो ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादापुढं तोंड उघडू नका. मामा कैद्याची गोष्ट सांगायचे.

पूर्वेकडच्या लढाईत शत्रूचा एक सैनिक शरण आला होता आणि दिवसभरासाठी मामांच्या पहाऱ्यात होता. हात पाठीमागं बांधलेले, पोटात अन्नाचा कण नाही. मामांनी आपल्या वाटणीचे शक्करपारे काढले. शक्करपारे म्हणजे फौजेतल्या शंकरपाळ्याच. निम्मे त्याला स्वतःच्या हातानं भरवले, पाणी पाजलं. जाताना तो म्हणाला, तुझ्या आईला माझा सलाम सांग. एवढं सांगून मामा पोरांकडं बघायचे. "हात बांधल्याला माणूस दुश्मन नसतो रं. त्यो तुमच्या जिम्म्यातला असतो. त्याला मारलं तर तुमी लढाई हरला."

ही गोष्ट मी चड्डी सावरत ऐकायचो तेव्हापासून माझ्या अंगात भिनलेली. पुढं मास्तर झालो आणि एकाही पोराला कधी हात लावला नाही. पट्टीसमोर उभं राहिलेलं पोरगं म्हणजे मला हात बांधलेला कैदीच वाटायचं. पोरांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. माझा वर्ग म्हणजे विट्याचा आठवडी बाजार; साहेब तपासणीला आले की शेजारचे गुरुजी येऊन एकदा डोळे वटारायचे, तेव्हा कुठं शांतता. मला त्याची लाज नव्हती. माझ्यामागं मामांचा कैदी उभा होता.

वयानं मामांचा आवाज बसला आणि गोष्ट माझ्याकडं आली. माइक हातात आला की मला थांबता येत नाही. हळूहळू मी कैद्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. मग त्याला तान्ही मुलगी दिली. एकदा तर त्या पूर्वेकडच्या दलदलीत मी बर्फ पाडला. मामा खुर्चीत बसून सगळं ऐकायचे, आणि माझं भाषण संपल्यावर फक्त म्हणायचे, "थंडी जरा कमी कर."

गेल्या लग्नसराईत आष्ट्याला एका लग्नात मामांच्या पलटणीतले एक जण भेटले. साताऱ्याकडचे, मामांच्याच वयाचे. जेवायला आम्ही तिघं शेजारी बसलो, मामा मध्ये. मी गप्प जेवावं की नाही? पण आयता श्रोता मिळालेला. मी कैद्याची गोष्ट सुरू केली, तान्ह्या मुलीसकट.

म्हाताऱ्यानं ती पूर्ण ऐकून घेतली. मग मामांना विचारलं, "ह्ये कवा झालं, हवालदार?"

मामा मठ्ठा पीत राहिले.

"शक्करपारं दिलं, त्ये खरं हाय गुरुजी," म्हातारा मला म्हणाला. "पण चिखलात टाकून. म्हटलं, तोंडानं उचल. त्यो गुडघ्यावर सरकत आला की ह्यो बुटानं त्ये फुडं ढकलायचा. परत सरकायचा, परत ढकलायचा. आमी लय हसलो. मीबी."

मी विचारलं, आईला सलाम?

"आईवरनं त्यो जे बोलला त्ये जेवताना नको."

मग त्यानंच सांगितलं की आदल्या दिवशी त्यांच्या पलटणीतलं एक पोरगं मारलं गेलं होतं, सगळ्यांची डोकी फिरली होती. हे कारण मामांनी दिलं असतं तर मी तेवढ्यावरही समाधान मानलं असतं. मामा हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात पेपर वाचत होते. मी उभ्यानंच विचारलं, कालचं खरं आहे का. ते म्हणाले, व्हय. मी म्हटलं, मग मला जन्मभर हे काय सांगितलंत?

"मग काय सांगायचं हुतं? बूट शिकवायचा हुता?" त्यांनी पेपरची घडी घातली. "तू पोरांना मारलं न्हाईस न्हवं? मग झालं की."

मी तसाच मागं फिरलो. घरी येताना डोक्यात तो खरा माणूस होता. आमच्या गावात तो दरवर्षी पोटभर खात होता, पाणी पीत होता, वर आमचे आभार मानत होता. तिकडं चिखलात तो उपाशीच राहिला होता. त्याला खायला दिलं नाहीच, पण त्याच्या तोंडी न आलेला सलाम मात्र आम्ही आपला म्हणून घेतला, आणि त्याला सजवायला मी एक मुलगीही दिली.

त्याच आठवड्यात पोरांना निरोप होता. माइक माझ्याकडं आला. मी म्हणालो, "हात बांधलेल्या माणसावर हात उचलू नका," आणि थांबलो. लोक वाट बघत राहिले. सरपंचांना वाटलं माइक बंद पडला. त्यांनी वायर हलवून बघितली.

"गोष्ट सांग की," मामा खुर्चीतून म्हणाले.

"तुमीच सांगा, मामा. झाली तशी."

ते उठले. माइक घेतला आणि माझ्याकडं न बघता बोलू लागले. बसका आवाज, पण शब्द न् शब्द जागच्या जागी. कैदी, भूक, शक्करपारे. त्यांनी भरवण्याच्या जागी एकदम वेगळंच सांगितलं, जे आजवर त्यांच्या गोष्टीत नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. म्हणाले, मी आधी त्याचे हात सोडले, म्हटलं, तुझ्या हातानं खा.

पोरं पाया पडली. बायकांनी डोळे पुसले. बर्फ पाडूनही एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती.

मोटारसायकलवर ते माझ्यामागं बसले. कॅनॉलशी आल्यावर मी विचारलं,

"हात कवा सोडलं त्याचं?"

मामा मागून म्हणाले, "आज."

दारात मामी उभ्या होत्या, चहा टाकलाय म्हणाल्या. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश उतरले आणि माझ्यासाठी फाटक उघडं धरून थांबले. मी गाडी माझ्या घराकडं वळवली.