कंधारच्या तळ्याला नारळ

आमच्या शेजारच्या सिस्टर मूळच्या कोकणातल्या, समुद्रकाठच्या. वेळा अमावास्येला आमच्या शेतात आंबिलीसाठी पेला आधी त्यांचाच पुढं येतो. शिमग्याला मात्र एकट्याच अंगणात देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि जमावानं द्यायचं उत्तरही स्वतःच देतात, "व्हय म्हाराजा!"

नारळी पुनवेला त्यांना समुद्र लागतोच. पहिल्या वर्षी गजरा माळून, नारळ हाती धरून त्या आम्हाला तळ्यावर घेऊन गेल्या. पावसानं ओढ दिलेली, पाणी पार तळाला. सिस्टरांनी डोळे मिटले.

"बा समुद्रा म्हाराजा, आता शांत हो. होड्या सुखरूप जाऊ देत."

गल्लीतल्या खाला घाईनं म्हणाल्या, "ओ सिस्टर, शांत नका करू त्याला. आधीच झोपून राहिलंय ते."

सिस्टर हसून हसून खालीच बसल्या. मग उठून तळ्याला दटावलं, "ऊठ रे बाबा. लई झोपलास. खवळ जरा."

तेव्हापासून दर नारळी पुनवेला हेच गाऱ्हाणं. यंदा तळं काठोकाठ भरलं होतं. सिस्टरांनी विचारलं, "खाला, आता शांत हो म्हणू का?"

खालांनी पाण्याकडं पाहिलं. "घाई कायची हाय? पुढच्या साली बघू."

आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"