अडाण धरणातली वॉकीटॉकी

तांड्यावर हरिसिंग राठोडला सगळे ‘खलाशी’ म्हणून चिडवत. भाईबंद ऊसतोडीला गेले, पण हा गडी बारा वर्षं समुद्रकाठी शौकीन लोकांच्या शिडाच्या होड्या सांभाळायला गेला. परतताना तिथल्या मंडळींनी त्याला नारिंगी वॉकीटॉकीची जोडी दिली. पाण्यात पडली तरी तरंगणारी! पुढे कारंज्याचे जमीनदार जगदेव देशमुख यांनी हौसेनं शिडाची होडी घेऊन अडाण धरणात सोडली. ती चालवायला हरिसिंग आला, पण एका अटीवर. एक संच होडीत, दुसरा काठावर बायको रामीबाईजवळ, जिथं मासे धरणाऱ्या भोयाची होडी बांधलेली असे.

“अबे, धरणात तुले कोनतं जहाज भेटून राह्यलं?” जगदेव हसले.

“मालक, पानी कोनाचंच आयकत नाही. काठावर कोनी तरी आयकनारं पाह्यजे.”

दसऱ्याला हरिसिंगनं विळा, कुऱ्हाड आणि होडीतली वॉकीटॉकी एका पाटावर मांडली. पोट भरणाऱ्या अवजाराला कुंकू लावताना हात आखडायचा कशाला? तेलात कालवलेलं कुंकू त्यानं बोलायच्या बारक्या भोकावरच अंगठ्यानं दाबून बसवलं, हात जोडले आणि दुपारी मालकांना घेऊन पाण्यात उतरला. स्वतः लाइफ जॅकेट घातलं, वॉकीटॉकी त्याच्या छातीवर अडकवली. जगदेवांनी आपलं जॅकेट बुडाखाली बसायला घेतलं.

वादळानं नांदी म्हटलीच नाही. पहिल्याच प्रवेशात कापाकापी. वारा शिडात घुसला, शिडाचा आडवा दांडा गरकन फिरला आणि जगदेवांच्या कपाळावर असा बसला की कवटी वाजली. होडी उलटली. जगदेव रक्तानं माखून वर आले ते हरिसिंगचा गळा धरूनच. शंभर किलोचा माणूस, जिवाच्या आकांतानं बिलगलेला! बोटं घशात रुतली. दोघं खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा हरिसिंगनं मूठ आवळली आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच नाकावर हाणली. पकड सुटेना. पुन्हा हाणली. हाड मोडलेलं मुठीला कळलं. जगदेव सैल पडले. त्यांचे केस डाव्या मुठीत गच्च धरून त्यानं छातीवरची वॉकीटॉकी ओढली.

“रामी! भोयाची होडी पाठव!”

“बोला ना!” पलीकडून रामीबाई ओरडत होती. “काहून गप हाय तुमी? बोला!”

हरिसिंगनं हातातल्या संचाकडं पाहिलं. बोलायच्या भोकात लाल लेप गच्च बसला होता. आपल्याच भक्तीनं आपला गळा दाबला! त्यानं दातांनी लेप खरवडला, ओठ लावून चोखला, थुंकला. लाटेनं थोबाडीत मारली. जगदेवांचं तोंड पाण्याखाली जाऊ लागलं. त्यानं केसांना हिसका दिला, पुन्हा चोखलं, पुन्हा थुंकला. थुंकीत कुंकू किती न्‌ रक्त किती, देव जाणे.

“रामी! भोयाची होडी! लवकर!”

“आयकलं! निंगाली!”

भोयानं दोघांना काठावर आणून टाकलं. जगदेवांचा पुतण्या पवन धावत आला.

“काकाचं नाक कोनं फोडलं?”

“म्या,” हरिसिंग म्हणाला.

पवननं त्याच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. रामीबाई वल्हं उचलून मध्ये पडली. तेवढ्यात जगदेवांनी भडभडून पाणी ओकलं आणि हात वर केला.

“थांब, गधड्या! त्याचा गळा पाह्य आधी. म्याच दाबला होता.”

हरिसिंगच्या गळ्यावर बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. पवनचा पाय खाली आला. तो मुकाट्यानं हरिसिंगला उठवायला वाकला.

“सर तिकडं,” रामीबाई म्हणाली. “माह्या मानसाले मी उचलतो.”