सहा हमाल पेलणारं पायदान

चहा घ्या, अन हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी एकदा सांगाया लागलो की मधी थांबत न्हाई. तीस वर्षं झाली, लातुरात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो मी. माझी ट्रॉली वाकली असं कुणी म्हणून दाखवावं! अन ह्याच हातानं मुदखेडात, भर गल्लीत, मी माझी इज्जत घालवली.

त्याचं असं झालं. उदगीरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात आजोबांच्या काळातली मोटार सडत पडली होती. मी ती उचलून आणली. कुजलेलं छत कापून टाकलं, आत पिकअपचं इंजिन बसवलं, वरून लालभडक रंग मारला. दारं लई खडखडायची, ती तारेनं आवळून टाकली. दार उघडायची गरजच काय? छत न्हाई, टांग टाकायची अन बसायचं!

तेवढ्यात अक्काच्या पोरीचं, रेखाचं, लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. रेखाचा फोन आला, "मामा, मी तुमच्या लाल गाडीतच येणार. शब्द द्या."

"दिला शब्द!"

पण गाडीचं पायदान, म्हणजे दाराखालची ती लांब फळी, गंजून तिची चाळण झाली होती. शालू नेसलेली पोरगी चढणार कशी? बसलो कामाला. चेसिसला अँगल जोडले, त्यावर जाड पत्रा, अन बाहेरच्या कडेला चांगली टोलेजंग उभी पट्टी. मग शेजारच्या डाळमिलमधले सहा हमाल बोलावले.

"चढा रे वर! नाचा!"

नाचले बिचारे. पायदान हललं सुद्धा न्हाई. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मुदखेड गाठलं. अक्काच्या दारात सगळी गल्ली जमलेली. रेखा नटून बाहेर आली. मी पक्कडीनं तार कापली, फेटा सावरला, अन ऐटीत दार ओढलं.

ठण्ण!

चार बोटं उघडलं अन पट्टीला अडकलं. पलीकडनं धावत गेलो. तिकडं पण ठण्ण!

अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, खाली वाकून बघाया लागले. "पाव्हणं, ही पट्टी कशासाठी?"

"मजबुतीसाठी."

"ट्रॉलीला असती तसली?"

"हाव."

"म्हणजे सोयाबीन सांडू नये म्हणून?"

हाताची सवय हो! तीस वर्षं कडेला पट्टी मारून राहिलो, इथं पण मारली. गल्ली खो खो हसायली. दाजी म्हणाले, "राहू द्या, मी माझी जीप काढतो." अक्का ओरडली, "बाळू, मुहूर्त टळायलाय!" अन रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, तुम्ही शब्द दिला होता."

तिचं सारं लहानपण माझ्या कडेवर गेलेलं. पट्टी कापावी तर ग्राइंडर लातुरात!

पण पोरगी भाची कुणाची? तिनं डोळे पुसले, शालू खोचला, पायदानावर उभी राहिली अन समोरच्या काचेची चौकट घट्ट धरली. "सहा हमालांना हललं न्हाई ना? मग चला!"

माझी छाती फुगली. चोपन्नाव्या वर्षी, सगळ्या गल्लीदेखत, मी पोरासारखी टांग टाकली अन सीटवर उडी मारली.

कट्ट!

कमरेत अशी उसण भरली म्हणता, तोंडातून आवाज फुटंना. पण सांगू कुणाला? गाडी सुरू केली. बैलगाडीच्या चालीनं निघालो. लोक मोबाईल काढून शूटिंग करायले, रेखा सगळ्यांना हात हलवायली, अन माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मामा, रडू नका ना," ती हळूच म्हणाली. "मी काय लांब चाललेय का?"

मांडवासमोर गाडी थांबवली. रेखा टुणकन उतरली. आतून माईकवर गुरुजी, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

मी उठाया गेलो अन तसाच खाली बसलो. टांग वर होईना, दार चार बोटांच्या पुढं सरकंना.

"मुलीचे मामा, लवकर!"

शेवटी दाजींनी चौघं बोलावली. त्यांनी तुरीचं पोतं उचलावं तसं मला वरून उचललं अन प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं. मग खुर्चीसकट निघाली आमची मिरवणूक. पुढं रेखा, माझा हात घट्ट धरून, "सरका, सरका, मामाला लागंल!" करत. मागं मी खुर्चीत, फेटा नाकावर.

गुरुजींनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. अन माईक तोंडाशी तसाच ठेवून विचारलं, "ह्यात कुणी कुणाला आणलंय?"